एकशे बारा अंगठे

उरुपाता, १८ ऑगस्ट

चि. इलारियो यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे, असं सवयीने लिहिणार होते. ठीक काही नाही.

आई बरी आहे. तुझ्या तिन्ही ट्रकांसाठी रोज प्रार्थना करते. अरेक्विपाचा लोकरवाला आला होता. अल्पाकाची लोकर त्याने मुठीत चोळली, तळहात खाणीच्या धुरळ्याने लाल झाला, तसाच गाडी वळवून गेला. बाजारात आपले बटाटे उरुपाताचे म्हटले की गिऱ्हाईक न घेताच पुढे जातं. नगराध्यक्षांनी खाणीच्या पैशातून बैलांच्या खेळाचं मैदान बांधलं. कंत्राट त्यांच्याच मेव्हण्याला. दवाखान्यात नर्स अजून नाही.

आता खरं सांगते. कंपनीने गावाला एका कागदाची झेरॉक्स दाखवली. वरचा झरा खाणीला द्यायला गाव राजी, खाली एकशे बारा अंगठे. अंगठे खरे आहेत. पान माझ्या वहीतलं आहे.

गावसभेची वही सचिव म्हणून माझ्याकडे, पण गावाचा शिक्का सभेचे अध्यक्ष निकानोरकाकांकडे, म्हणून सगळे त्यांच्यावर उठलेत. त्यात त्यांच्या घरावर नवे पत्रे. लोकांनी त्यांना गाठलं.

"पत्रे कुठून आले काका?"

"लेकीने पाठवले. लीमात घरकाम करते ती."

"लेकीने की खाणीने?"

काकांनी कोकाच्या पानांची पिशवी पुढे केली. एकाचाही हात आत गेला नाही. पानं नाकारली म्हणजे माणूस वाळीत, हे तुला सांगायला नको. माझाही गेला नाही, इलारियो.

पाटाच्या सफाईचा दिवस तुला माहीत आहे. हात चिखलाने भरण्याआधी, सकाळीच मी सगळ्यांचे अंगठे पानाच्या तळाशी घेते, काका शिक्का मारतात. काय काम झालं ते मी संध्याकाळी वर लिहिते. वर्षानुवर्षं असंच चाललंय. यंदा त्या संध्याकाळी आईला ताप होता. पान वरून कोरंच राहिलं. लाजेने कुणाला बोलले नाही.

मग सान हुआनच्या जत्रेला तू आलास. "ताई, ट्रकच्या परवान्याला गावाचा दाखला लागतो. वही दे, उद्या आणून देतो." दिली. परत आली तेव्हा उघडूनही पाहिली नाही. महिन्याभरात तुझ्या एका ट्रकचे तीन झाले, तेही खाणीच्या कामावर. मी शेजारणींना सांगत फिरले, आमचा पोरगा कष्टाळू.

काल वही उघडली. त्या कोऱ्या पानावर आता झऱ्याचा मजकूर आहे, आणि कडेला आणखी एक अंगठा. बाकीचे शाईचे जांभळे, हा ग्रीसचा काळा. दुसऱ्या कुणाचा असेलही. तू नाही म्हण, मी मानेन.

खोटं लिहिलं. नाही मानणार.

रविवारी सभा आहे. काकांना गावातून काढणार. या वयात त्यांनी जनावरं घेऊन जायचं कुठे? मी उठणार आहे. पान मी कोरं ठेवलं, वही मी दिली, हे सांगणार. मग कुणाला दिली ते विचारतील. आई पहिल्याच रांगेत बसते. ते नाव तिने माझ्या तोंडून ऐकावं की तुझ्या, तेवढं तू ठरव. सभा सकाळी दहाला सुरू होते.

खाली सही करते आहे. या वेळी मजकूर आधी लिहिलाय.

तुझीच ताई,
एउलोहिया