दोन शाली आणि एक बस

३ मार्च
दोघांनाही एकच गोष्ट हवी असेल, तर ती होत का नाही? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही राज्यशास्त्रात, तरी येत नाही.

इथलं कौन्सिल, म्हणजे इंग्रजांची नगरपालिका, आमची हॉस्पिटलची बस बंद करतंय. फ्लॅटमेट श्रद्धा तिथे नर्स. पहाटेच्या शिफ्टला दुसरं काही जात नाही. लाल पक्षाच्या नीनाताई म्हणतात, बस हवी. निळ्या पक्षाचे कमलाकरकाका म्हणतात, बस हवीच. दोघं कौन्सिलर, दोघं आपल्या मराठी मंडळातले. पण दोन्ही पक्षांना खर्च कापायचाय. मग आपल्या पक्षाविरुद्ध आधी बंड कुणी करायचं?

संकल्प: आठवड्यात दोघांना एकत्र आणणार.

५ मार्च
काका म्हणाले, नीना हात वर करणार असेल तर मी आहेच, आधी तिला विचार. नीनाताई म्हणाल्या, अगं, त्यांचा हात वर दिसू दे, मग माझा बघ. डोकं फिरलं! पण तत्त्वतः एकमत झालं. यशच म्हणायचं.

८ मार्च
युक्ती सापडली. मंडळात दोघांचा एकत्र सत्कार! शाल-श्रीफळाला कोण नाही म्हणतंय? सेक्रेटरी अंबरीश म्हणाले, आधी शाल कुणाला? मी म्हटलं, एकाच क्षणी दोघांना. दोघांनीही बुधवारची संध्याकाळच मोकळी असल्याचं कळवलं. केवढा शुभशकुन! श्रद्धाने विचारलं, मतदान कधी आहे? मी म्हटलं, आधी मनं तर जुळू देत.

११ मार्च
दोघं एका सोफ्यावर! काका नीनाताईंना बटाटेवडा वाढत होते. मी भाषणात म्हटलं, लोकशाही अशी दिसते. टाळ्या. श्रद्धा तेवढी फोनमध्ये बघत होती.

१२ मार्च
मतदान काल संध्याकाळीच होतं! बस एका मताने गेली. हे दोघं असते तर वाचली असती.

काकांवर फोनवर ओरडले. ते म्हणाले, अगं बाळा, आमचं ठरलंच होतं, दोघांनीही जायचं नाही, म्हणजे कुणावरच आळ नाही. आणि बोलावलंस तूच ना? नीनाताईही शब्दन् शब्द हेच म्हणाल्या. एवढं सहकार्य!

शाली परत मागितल्या. दोघांच्याही ड्राय क्लीनिंगला गेल्यात.

१५ मार्च
काल श्रद्धासाठी सायकल आणायला गेले. दुकानात दोनच उरलेल्या, एक लाल, एक निळी. तिथेच निर्णय घेतला. निळी घेतली, घरी आणली आणि रात्रीत काळी रंगवून टाकली. घ्या म्हणावं, दोन्ही पक्षांनो.

आत्ता वॉर्डातून श्रद्धाचा मेसेज: वेळेवर पोचले. पण सीट का रंगवलीस?