बादलीतली केबल

अण्णा,

“हात गेला माझा आता, बाई,” एवढंच तुम्ही म्हणालात. त्यानंतर पाण्यातल्या मोटारीच्या केबलीचा एकही जोड तुम्ही घेतला नाही, आणि वर्षभरात कनेरगाव नाक्यावरचं दुकान बंद केलंत. तुमचा हात गेला नव्हता, कसब होतं तसंच होतं. मला ते त्याच दिवशी ठाऊक होतं.

पुसेगावकडचा तो माणूस, विहिरीत पडलेले दागिने शोधून देणारा. पाण्यात चालणारा मेटल डिटेक्टर त्यानं कुठूनसा मिळवला होता. विहिरीच्या दगडावर घासून खालच्या गोल थाळीची केबल फाटली होती. “काका, मोटारीच्या केबली जोडता, मंग हीच काहून न्हाई?” असं म्हणून त्यानं ते मशीन तुमच्या पुढ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याला तांड्यावरच्या विहिरीत उतरायचं होतं. तिथल्या एका बाईची, तिच्या आईनं दिलेली गळ्यातली चांदीची हसळी पाण्यात गेली होती.

तुम्ही केबल सोलता आहात. आत दोन बारीक तारा, भोवती तांब्याची जाळी. जोड एकमेकांना लागू नयेत म्हणून एक तार आखूड कापता, कथलाचा डाग देता, जाळी पुन्हा गुंडाळता, वरून रबरी टेप ताणून बसवता. “दिवसभर भरल्या बादलीत राहू दे. सांजच्याला मीटर लावू,” म्हणता आणि मोटार बसवायला शेतावर जाता. पहिल्या खेपेला तुमच्याही जोडात कधीकधी पाणी शिरायचं. मग तुम्ही हसत पुन्हा सोलायला बसायचा. बादली त्यासाठीच तर होती.

घरात तेवढी एकच बादली मोकळी होती, आणि मला मैत्रिणीच्या लग्नासाठी ओढणी रंगवायची होती. तासाभरात मी थाळी बाहेर काढली, फडक्यावर ठेवली आणि विसरले. तुमच्या सायकलीचा आवाज आला तशी बादली विसळली, पाणी भरलं, थाळी आत सोडली. तुम्ही मीटर लावलंत. काटा हलला नाही, म्हणजे जोडात पाणी नव्हतं. “बराबर बसलं,” म्हणालात.

दोन दिवसांनी तो परत आला. “काका, पाण्यात गेली की नुसती कोकलूनच राहिली तुमची थाळी! हसळीच्या जागी गाळच हाती आला.” तुम्ही टेप उलगडली. जाळी ओली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

“दिवसभर होती ना बादलीत?”

“व्हय, अण्णा.”

तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपली बोटं उजेडाकडे धरून बघत बसलात, आणि मग ते वाक्य म्हणालात.

आई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, यांचा हात गेला म्हणून दुकान मोडलं. मी शेजारी बसून मान हलवते. हे पत्र तिला वाचून दाखवायचं ठरवून लिहायला घेतलं होतं. काल ती समोर बसली आणि मी कागद उशीखाली सरकवला.

तेव्हा तुम्हालाच सांगते, अण्णा. एकदा माझ्यावर ओरडा, दुकान असतं तर गिऱ्हाइकांना ऐकू गेलं असतं असं. तुम्ही ओरडणार नाही. “लेकरू होतं,” म्हणाल आणि आईला चहा टाकायला सांगाल.