खोडरबरानं गेलेलं सोनं

नाना, तुमची कार्डं मला सापडली. अंबडला, तुमच्याच कंपनीत, स्टोअरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका लाकडी खोक्यात. कंपनी केव्हाच बंद पडली. गेटवर एक वॉचमन आणि आत एक म्हातारे स्टोअरकीपर, एवढेच उरलेत. उरलंसुरलं भंगारात काढायचं ठरलं म्हणून आमच्याकडे निरोप आला आणि मी गेले. तुमची मुलगी भंगाराच्या धंद्यात आहे हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला असता. पण मी लोखंडपत्रा घेत नाही हो, जुन्या इलेक्ट्रॉनिक कार्डांची पारख करते. कार्ड हातात घ्यायचं, उजेडात तिरकं धरायचं आणि त्यात काय दडलंय ते ओळखायचं. टीव्हीतले तपकिरी बोर्ड वजनावर जातात, त्यांना कुणी विचारत नाही. जुन्या मशीनमधली हिरवी, जाड कार्डं मात्र बघण्यासारखी असतात. त्यांचा खालचा काठ मशीनच्या खाचेत बसतो आणि त्या काठावर सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या असतात. तुमच्या काळी मुलामा जाड देत. आता नुसता वास देतात.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माल कितीही चांगला असो, खोकं उघडलं की तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, ‘ह्यातलं सोनं आधीच कुणीतरी काढलंय.’ लासलगावला व्यापारी कांदा दाबून बघतो आणि न चुकता ‘ओला हाय’ म्हणतो, तसंच हे. भाव पाडायला म्हणतात, मनावर कुणी घेत नाही. मी रोज म्हणते. त्या दिवशीही खोक्याचं झाकण निघालं, वरचं धुळीनं माखलेलं कार्ड मी हातात घेतलं आणि नीट न बघताच ते वाक्य तोंडातून गेलं.

स्टोअरकीपर म्हणाले, ‘बरोबर हे मॅडम. इथं एक जण होता, मेंटेनन्सला. पॅनेलच्या चाव्या त्याच्याकडंच राह्यच्या. त्यानंच हात मारला. ही कार्डं विकायला काढली तवा मुंबईचा भंगारवाला आला होता, तो बी असंच बोलला, आगदी तुमच्यासारखं. मग साहेबांनी पाह्यलं तर खरंच सोनं नाय. तवा कुठं आमाला कळलं.’

नाना, इतकी वर्षं आम्हाला माहीत नव्हतं की तुमच्यावरचा तो चोरीचा आळ सुरू कुठून झाला. साहेबांच्या कानात कुणी विष ओतलं असेल, युनियनमधल्या कुणी डूख धरला असेल, असं आई नि मी किती जणांवर संशय घेत बसलो. आणि ते निघालं एका व्यापाऱ्याचं घासाघिशीचं वाक्य. मी खोक्याच्या कडेवर हात टेकून उभी राहिले. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, म्हणून त्या म्हाताऱ्याला काही कळलं नाही. तो चहा सांगायला गेला.

मी फुंकर मारून कार्ड पुसलं आणि कोपऱ्यात हळदीकुंकवाचा डाग दिसला. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, सगळ्यांवर, पार्ट नसलेल्या कोपऱ्यात, बेतानं लावलेला. खंडेनवमीचा तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. कंपनीत घरच्यांना सोडायचे, लेथला झेंडूच्या माळा, पेढ्यांचे बॉक्स. बाकीचे लोक मशीनवर पाणी शिंपडून, नारळ फोडून मोकळे होतात. तुम्ही पॅनेल उघडून बसलेले. एकेक कार्ड काढता, मांडीवरच्या मऊ फडक्यावर ठेवता आणि खिशातलं दुरंगी खोडरबर काढून तो सोनेरी काठ घासता. लाल बाजू पेन्सिलीची, निळी शाईची. तुम्ही निळी बाजू वापरता. ‘हिच्यानं कसं लख्ख निघतं बघ,’ म्हणता. मी त्या सोन्याला बोट लावायला गेले तर सगळ्यांदेखत तुम्ही माझ्या हातावर फटका मारला. ‘बोटाचं तेल लागतं. हे काय खेळणं आहे?’ मी रडले. पुढे जूनमध्ये दप्तरात तसलंच नवं खोडरबर निघालं, तुम्हीच गुपचूप ठेवलेलं.

निळी बाजू खरखरीत असते, नाना. ती कागदाचा पापुद्रा काढते, मुलाम्याचं काय घेऊन बसलात? सोन्याला मुळात घासावंच लागत नाही, ते काळं पडत नाही म्हणून तर लावतात. पण तुम्ही तांब्याची भांडी चिंचेनं घासणाऱ्या घरातले, देवाचे टाकसुद्धा सणाला उजळून घेणारे. वर्षातून एकदा आपलं मशीन उजळायचं नाही, हे तुमच्या बुद्धीला पटणारच नव्हतं.

भिंगाखाली सगळं स्पष्ट दिसतं. अॅसिडनं सोनं काढलं तर पट्टी मुळापासून साफ होते आणि खालचं तांबं खाल्लेलं दिसतं. पातीनं खरवडलं तर चरे राहतात. इथे पट्टीच्या मधोमध सोनं विरत गेलंय, खाली पांढुरका निकेल दिसतो, आणि वर, हिरव्या रंगाला लागून, जिथे खोडरबराचा कोपरा पोहोचत नाही, तिथे पिवळी रेघ अजून चमकते. सगळ्या झिजेचा कल एकाच बाजूला आहे, डावखुऱ्या हाताचा. तुम्हाला मी डाव्या हातानंच जेवताना पाहिलंय आणि आजीच्या शिव्याही ऐकल्यात. हा पुरावा पाहायला तेव्हा कुणी भिंग घेतलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

चहा घेऊन आलेल्या स्टोअरकीपरला मी ते दाखवलं. म्हटलं, काका, हे चोरलेलं नाही, घासून गेलंय. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. ‘असंल मॅडम. पण आता सांगता कोणाला? साहेब गेले, तो बी गेला.’ मी त्याची मुलगी, हे काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी पारख तिथेच संपली असती, पोरगी बापाची बाजू घेतेय एवढंच उरलं असतं.

तुम्ही राजीनामा लिहून आलात ती संध्याकाळ आठवते. आई भाकरी थापत होती. तुम्ही उंबऱ्यात बसून म्हणालात, ‘साहेब म्हणतात, सोनं गेलंय.’ आईचा हात थांबला. ‘कुठलं सोनं?’ असं म्हणत तिनं आधी गळ्यातल्या दोन वाट्या चाचपल्या. तिला दुसरं सोनं माहीतच नव्हतं. पुढे मामानं तिला सोन्याची पोत केली, तीही तिनं कॉलनीत कधी घातली नाही. म्हणायची, लोक म्हणतील, कार्डातली काढली. तुम्ही मिक्सर नि इस्त्र्या दुरुस्त करत राहिलात आणि तसेच गेलात.

मला राग कशाचा येतो सांगू? चौकशीत तुम्ही गप्प बसलात. ‘मी दरवर्षी घासतो, त्यानं गेलं असेल,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. तुम्हाला तेव्हा उमगलंच नव्हतं, की उमगलं होतं आणि ते बोलण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं तुम्हाला बरं वाटलं? मला यातलं दुसरं खरं वाटतं. चोर म्हटल्यानं तुमची नोकरी गेली, पण ‘ह्याला काम येत नव्हतं’ म्हटल्यानं तुम्हीच उरला नसता. तुमचा ताठा आम्हाला फार महाग पडला, नाना. आईला तर सगळ्यात जास्त.

तिला मी परवा सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली. ‘मला काय सांगती? त्यांनी न्हाई घेतलं, मला तवाच ठाव व्हतं. कॉलनीला सांग जाय.’ कॉलनीत आता तेव्हाचं कोण आहे? अर्धी घरं विकली गेली. ज्यांनी आमच्या दारावरून जाताना आवाज खाली केला ते लोक मुलांकडे पुण्याला गेले किंवा वर गेले.

एवढ्यावर पत्र संपवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण काल सिन्नरला एका कारखान्यात गेले होते. खोकं उघडलं, सुरेख माल होता, मुलामा जसाच्या तसा. आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलंच. मॅनेजरनं लगेच मान वळवून चाव्यांचा जुडगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. पन्नाशीचा होता, हातात गुंडाळलेलं फडकं. त्याचा चेहरा उतरला. धंद्याची रीत आहे साहेब, तसं काही नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण भाव नुकताच खाली आला होता. मी पावती केली, टेम्पो भरून घेतला आणि त्या माणसाकडे न बघता निघाले.