रविवारचं तेल

रविवार, ६ ऑक्टोबर
पप्पा एकदा म्हणाले होते, "ही बंदूक चुकत नाही, रित्वा. माणूस चुकतो." तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता सेहेचाळीस. पप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून बंदूक माझ्याकडे आहे आणि खरंच एकदाही चुकलेली नाही. एकदाही उडालेली नाही, असं माझी भाची हेली म्हणते. पण त्याला कारणं आहेत. पहिल्या वर्षी वारा होता. मग चष्म्याचा नंबर वाढला. एका वर्षी हरणाचा नर अगदी समोर होता, पण त्याच्या पाठीवर ऊन फार छान पडलं होतं.
यंदा नक्की. पंधरा नोव्हेंबर, शिकारीच्या सीझनची पहिली सकाळ. एक गोळी, एक नर.
बंदुकीला तेल दिलं.

रविवार, १३ ऑक्टोबर
रूडी आला. माझा धाकटा भाऊ, हेलीचा बाप. मांस-बटाटा भरलेल्या दोन्ही पेस्ट्या, माझ्या वाटणीचीसुद्धा, खाऊन म्हणाला, "ताई, बंदूक आहे ती. फोटो नाही, नुसता पुसत बसायला." पप्पांनी शिकार करणाऱ्यासाठी ठेवलीय म्हणे. यंदा हरीण पडलं नाही तर ती हेलीला द्यायची. मी लगेच हो म्हटलं. खात्री असलेली माणसं वाद घालत नाहीत.

रविवार, २० ऑक्टोबर, दुपारी ३
तेल दिलं. जिन्याकडून आवाज आला होता, "तेल दिलंस का?" पप्पांसारखा.
भूतबीत मी मानत नाही. थंडीत लाकूड आकसतं, जिना बोलतो. दर रविवारी तीन वाजताच आकसतो, एवढंच.
दोन थेंब जास्त घातले.

शनिवार, २ नोव्हेंबर
हेली म्हणाली, "आत्या, जुन्या खाणीत जाऊन दोन गोळ्या झाडून बघू ना." मुळीच नाही. बंदुकीवरची नेमाची दुर्बीण पप्पांनी स्वतःच्या हाताने बसवलेली आहे. स्क्रू हलले तर कळावं म्हणून वर आईच्या नेलपॉलिशचे ठिपके आहेत. अजून जसेच्या तसे. धक्क्याने हलले म्हणजे? "अगं, पण उडते तरी का?" म्हणाली. या पिढीचा कशावर विश्वासच नाही.

रविवार, १० नोव्हेंबर
पप्पांचा लाल-काळ्या चौकडीचा लोकरी शर्ट काढला. शिकारीला हाच घालणार. मी तो धुतलेला नाही. कॉलरला अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे.
कॅम्पवर, म्हणजे जंगलातल्या आमच्या शिकारीच्या खोपटात, भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले आहेत. नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी कापायची, वर नाव-तारीख. नियम पप्पांचाच: चाप ओढला आणि हरीण पडलं नाही, की कात्री. सबब चालणार नाही. रूडीचे सहा तुकडे आहेत. आईचा एक, लग्नानंतरच्या पहिल्याच सीझनचा. पप्पांचा एकही नाही. माझाही नाही, हे रूडी नेहमी विसरतो.
आवाज आला. भरपूर तेल दिलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ११
पारा शून्याखाली. सात वीसला मचाणासमोर नर आला. चाळीस पावलांवर. नेम धरला. पप्पा मागे उभे होते, म्हणजे तसं वाटलं. चाप ओढला.
टक्.
नुसतं टक्. नराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कोणी दार वाजवलं की बघतात तसं. मग चालत गेला. पळालासुद्धा नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४
कॅम्पवर रूडीने टेबलावर बंदुकीचा बोल्ट, काडतूस आत ढकलणारा दांडा, उघडला. आत तेल थिजून मधासारखं झालं होतं. काडतुसावर आपटायची पिन त्यातून रांगत गेली, जेमतेम टेकली. दस्त्याचं लाकूडही तेल पिऊन मऊ पडलंय. रूडी आज हसला नाही. म्हणाला, "पप्पा थंडीत बोल्ट पुसून कोरडा ठक्क ठेवायचे, ताई. कोणी तेल दिलं की ओरडायचे. विसरलीस?"
मग दर रविवारी विचारत कोण होतं?


शनिवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ८
कॅम्पवर आवाज येत नाही. घरी जायची भीती वाटते: तो येईल याची, आणि येणार नाही याचीही.
सीझन अजून पंधरा दिवस आहे. पण हेलीने कोरडं फडकं मागितलं आणि माझ्यासमोर बोल्ट पुसला, अगदी पप्पांसारखा, अंगठ्याने. बंदूक मीच तिला दिली.
नुसतं टक् म्हणजे चूक का, यावर चर्चा झाली. सगळ्यांचं मत एकच पडलं. रूडी शेगडीपाशी कात्रीला धार लावतोय. मी पप्पांचा शर्ट अंगावरून काढलेला नाही.
रूडी नाही म्हणेल. पप्पांनी आईलासुद्धा सोडलं नव्हतं. तरी कॉफी झाली की विचारणार आहे: रूडी, आतला शर्ट माझा आहे, त्याचे हवे तर दोन तुकडे काप. हा तेवढा राहू दे.