पिवळा झेंडा दिसल्यावर

शहापूर

प्रिय अक्षय,

ड्युटी संपवून आत्ताच घरी आले, हातपाय धुतले आणि लिहायला बसले. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा जुना नंबर बंद आहे, आणि नवा मिळाला असता तरी माझं नाव बघून तू उचलला नसतास. पत्ता तुझ्या सोनालीकडून घेतला. भाऊ कुठे आहे हे कुणालाही सांगायचं नाही असं तू तिला बजावलंयस म्हणे, म्हणून द्यायला कचरत होती. तिच्यावर रागावू नकोस. कसाऱ्याला क्रेनवर असतोस, घाटात उलटलेले ट्रक ओढून वर काढतोस, असं ती म्हणाली. कामाला लागलास हे ऐकून आधी बरं वाटलं. मग वाटलं, एवढी कामं असताना हेच का धरलंस रे? रोज मोडलेल्या गाड्या बघायच्या, रोज काचा झाडायच्या. जेवतोस तरी का नीट?

मी अजून एसटीत कंडक्टरच आहे. आता शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडपर्यंत आणि कधी पुढे धसईपर्यंत ड्युटी लागते. धसईची गाडी मिळाली की आईकडे चहा पिऊन येते. आई थकली आहे, पण वरी-नाचणी अजून स्वतःच निवडते. घरामागचं खळं या वर्षी सारवलं. तिथे तुमची लाल मारुती उभी असायची. सरळगावच्या भंगारवाल्याकडून तुम्ही दोघांनी ती ओढत आणली तेव्हा तिला पुढची काच नव्हती आणि मागची सीट कोंबड्यांनी टोकरून ठेवली होती. आमचा हरेश जीपच्या फेऱ्या मारून यायचा, तू कारखान्यातून सुटून यायचास, आणि दोघं अंधार पडेपर्यंत तिच्याखाली पालथे. सीटा काढल्यात, दरवाजे वेल्ड केलेत, मुरबाडहून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवून आणलात. भात झोडायला जागा उरली नाही म्हणून आई करवादायची, "दोगांची अक्कल मिळून एक गाडी, तीबी चालत नाय." आणि ताट वाढताना पहिली भाकरी तुला वाढायची. तू पाहुणा म्हणून नव्हे. हरेशला थांब म्हणायला तुला एकट्यालाच जमायचं म्हणून.

नथूकाकांच्या माळावरच्या त्या शर्यती मला तेव्हाही आवडायच्या नाहीत, पण यायचे. भात कापून झालं की माळाच्या कडेच्या खाचरांचे बांध मोडून, ट्रॅक्टर फिरवून ते गोल वाट करायचे. मुरबाडची, शहापूरची, टिटवाळ्याचीसुद्धा पोरं जुन्या गाड्या घेऊन यायची. गंमत म्हणून सुरू झालेलं ते प्रकरण. लोक सगळे वळणाला गर्दी करायचे, कारण धक्का तिथेच बसायचा. पुढच्याच्या मागच्या चाकापाशी आपलं नाक लावायचं आणि वळणात त्याला बाहेर ढकलायचं. ज्याला ते जमायचं तो चांगला ड्रायव्हर. शामला ते फार छान जमायचं. त्याच्या पाड्यावरची माणसं त्यासाठी टेम्पो करून यायची. झेंडे होते, पण लाल दाखवला तर थांबायचं एवढंच सगळ्यांना ठाऊक. पिवळा दिसला की मागच्याला वाटायचं पुढच्याने हळू व्हावं, आणि पुढच्याला वाटायचं आपण पुढेच आहोत, हळू कशाला व्हायचं. कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं. काका सकाळी नारळ फोडायचे आणि म्हणायचे, "जपून रे पोरांनो." त्यावर सगळे हसायचे.

त्या वर्षी हरेशचा हात मोडला होता म्हणून गाडी तू चालवलीस आणि तो झेंडा घेऊन उभा राहिला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे कुणीच उभं राहायला नको, तिथे. एक गाडी बंद पडली होती आणि तिच्यातला मुलगा अजून उतरत होता, म्हणून हरेश पिवळा झेंडा हलवत दोन पावलं पुढे आला. मी बांधावर होते. तू पुढे होतास, शाम मागे. झेंडा तुम्ही दोघांनी पाहिला आणि दोघांनीही वेग सोडला नाही. वळणात शामने नाक लावलं. लोक ओरडले. तुझी गाडी आडवी झाली आणि सरळ हरेशवर गेली. मी हे पुन्हा लिहितेय ते तुला दुखवायला नाही. पोलिसांचे जबाब झाले, त्यानंतर तीन वर्षांत हे कुणी तोंडाने बोललं नाही, घरात नाही आणि गावातही नाही, म्हणून एकदा लिहून बघतेय. पोलिसांपुढे तू शामचं नाव घेतलं नाहीस. गाडी माझ्या हातात होती, झेंडा मला दिसला होता, एवढंच तू सांगितलंस. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. पण धक्का देणं हा गुन्हा आहे असं त्या माळावर कुणालाच वाटत नव्हतं, त्यामुळे माझं बोलणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

ॲम्ब्युलन्स नव्हती. हरेशचीच जीप होती आणि ती तू चालवलीस. मुरबाडच्या दवाखान्यात त्यांनी कल्याणला न्या म्हणून सांगितलं. मी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तू सारखा विचारत होतास, "ताई, बोलतो काय तो?" आणि मी सांगत होते, बोलतोय, तू पुढे बघ. रायत्याचा पूल यायच्या आधीच तो गेला होता, अक्षय. पुढेही तू विचारत राहिलास आणि मी हो म्हणत राहिले. खरं सांगितलं असतं तर तू गाडी कुठेतरी घातली असतीस. दोघं गेले असते तर तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं?

दहाव्याला तू आलास. आईने तुला पाणी दिलं, ते तू हातात धरून बसलास आणि तसंच ठेवून गेलास. त्यानंतर तू दिसला नाहीस. शर्यत बंद झाली. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं. पण पोरांच्या गाड्या होत्याच, माळ तेवढा गेला होता. पोरं त्या घेऊन रस्त्यावर आली. गेल्या वर्षी धसईहून येताना समोरून दोन गाड्या अख्खा रस्ता अडवून सुसाट आल्या. आमच्या ड्रायव्हरने बस खाली उतरवली म्हणून वाचलो. गीताबाई मुरबाडच्या बाजाराला भाजी घेऊन निघाली होती, ती पाटीसकट माझ्या अंगावर पडली. तिचं मनगट मोडलं. पोरं थांबलीसुद्धा नाहीत. मी बसमध्ये सांडलेली वांगी गोळा करत होते आणि मला एकदम इतका राग आला की हात चालेनात. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माळ बंद करून आपण काहीच थांबवलं नाही.

सुट्टीच्या दिवशी नथूकाकांकडे गेले. म्हटलं, शर्यत पुन्हा सुरू करा. ते नको म्हणाले. म्हटलं, करा, पण मी सांगेन तशी. नाहीतर मी पोरांची नावं घेऊन पोलिसात जाते. पुण्याकडे अशा शर्यती नीट शिस्तीत होतात, तिथल्या एका क्लबच्या माणसांना काकांच्या मनस्वीने शोधून काढलं. ती त्यांची धाकटी मुलगी, कल्याणला कॉलेजात आहे. ती माणसं येऊन दोन दिवस राहिली, सगळं समजावून गेली. पोरांना मात्र पटेना. "ताई, धक्का नाय मारायचा तर शरयत कसली? मग जत्रंतलं चक्र बरं," असं एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मी हसले नाही. बसमध्ये दारू पिऊन चढणाऱ्यांना उतरवायची मला सवय आहे, तशीच उभी राहिले. शेवटी ठरलं ते असं की सकाळच्या बैठकीला जो येणार नाही त्याची गाडी सुटणार नाही. हेल्मेट आणि पट्टा नसेल तर नाही, तोंडाला वास आला तर नाही. मुद्दाम गाडी लावली की तिथल्या तिथे बाहेर. पिवळ्या झेंड्याखाली वेग सोडायचा आणि कुणी कुणाला ओलांडायचं नाही. लोक दोराच्या मागे, झेंडेवाला आतल्या बाजूला टायरांच्या आडोशाने, आणि ॲम्ब्युलन्स आली नाही तर शर्यतच नाही.

पौषात पहिली शर्यत झाली. मनस्वीने स्वतः गाडी काढली होती. दुसऱ्या फेरीत तिचं चाक मोडलेल्या बांधाला लागलं आणि गाडी उलटून छपरावर घसरत गेली. पिवळा झेंडा वर गेला. तिच्या मागे शाम होता, सगळ्यांत पुढे निघायची संधी त्याला होती. त्याने वेग सोडला. इतका सोडला की गाडी जवळजवळ उभी राहिली, मागच्यांनाही थांबावं लागलं. मनस्वी पट्ट्याला उलटी लोंबकळत होती, पिंजरा वाकला नव्हता. हाताला खरचटलं, बाकी काही नाही. तिला बाहेर काढलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. शाम मात्र गाडीतून उतरलाच नाही. मी जवळ गेले तर हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून बसला होता. म्हणाला, "ताई, हे एवढंच करायचं व्हतं गो. पाय उचलायचा व्हता नुसता." मनस्वी चालत घरी गेली याचा आनंद मला झाला, खरंच झाला. आणि त्याच वेळी मला एवढं रडू आलं की मी ॲम्ब्युलन्सच्या मागे जाऊन उभी राहिले. एवढंच करायचं होतं.

सगळं छान झालं असं मात्र समजू नकोस. मागच्या शर्यतीत शहापूरकडच्या एका नव्या मुलाने पिवळ्या झेंड्याखाली दोघांना ओलांडलं. त्याला वर्षभरासाठी बंद केलं तर म्हणाला, "कुनाला काय झालं काय? आमी बगून चालवतो." त्याच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ निघाले. मला तेव्हा कळलं की सकाळी बैठकीत मी बोलते तेव्हा ही पोरं माना डोलावतात, पण त्यांच्या कानावर ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं पडतं. मी मेलेल्या मुलाची बहीण. मी असं बोलणारच, असं त्यांना वाटतं. शाम बोलायला उभा राहिला होता, दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला. नंतर मला म्हणाला, "मला काय दिसलं नाय ताई, मी तर पुढं निघून गेलो व्हतो."

पुढची शर्यत शिमग्याच्या आधी आहे, आणि तू यावंस म्हणून हे पत्र. शर्यत बघायला नको. सकाळच्या बैठकीला ये आणि पट्टा सोडून गाडीतून उतरलास तेव्हा तुला काय दिसलं, तेवढं त्या मुलांना सांग. नियम सांगू नकोस, ते मी सांगते. तुला माफ केलं असं लिहावं म्हणून बसले होते, पण खोटं लिहवत नाही. काही दिवशी ते खरं असतं आणि काही दिवशी नसतं. आईला विचारलं. सुपातली नाचणी निवडून संपवली, मग म्हणाली, "येऊ दे त्याला. पन त्या दिवशी मी घरात नाय थांबनार, देवळात जाईन." तिच्याकडून एवढंच आणता आलं. तुला जमणार नसेल तर मी समजेन, पुन्हा लिहिणार नाही, सोनालीलाही त्रास देणार नाही. जमणार असेल तर आसनगावला उतर. मी रजा टाकून स्टेशनबाहेर येईन आणि तिथून आपण बरोबर जाऊ. त्या माळावर तुला एकट्याला चालत यायला लावणार नाही.

तुझीच,
संजीवनीताई