एका गिटारीत चार वाद्यं

२० मार्च १९९४, वांकिडी
निर्णय पक्का. गिटार उघडायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आमची भीमगीतं. बायको कुसुम गाते, तिचा भाऊ नागनाथ पेटी वाजवतो, इलेक्ट्रिक गिटार मी. लोक मात्र पेटीलाच दाद देतात. कान तयार नाहीत.
आसिफाबादच्या वाद्यांच्या दुकानात ऐकलं, आतल्या वायरी बदलल्या की आवाज बदलतो. दुकानदार दुसऱ्याच गिऱ्हाइकाला तेलुगूत सांगत होता. अर्धं समजलं. उरलेलं अर्धं मला आपोआप सुचलं. शहनाई, सतार, पेटी, सगळं एकाच गिटारीत!

२४ मार्च
ऑफिसातून हाफ-डे. पोट दुखतं म्हणून सांगितलं. गिटार खोलली. आत पाच रंगांच्या वायरी. कुठली कुठे होती ते लिहून ठेवायला पाहिजे होतं, पण प्रतिभेला नोंदी लागत नाहीत.
मोरीतल्या बल्बचा स्विच काढून गिटारीला बसवला. कुसुम अंधारात आंघोळ करते. कलेसाठी एवढं चालायचंच.

२९ मार्च
शहनाई निघाली. कुसुम म्हणाली, डास आहे. सतार अजून निघायची आहे.

२ एप्रिल
नागनाथला स्पष्ट सांगितलं, यंदा पेटी आणू नको, गरज नाही. बरं भाऊजी म्हणाला. शाळामास्तर आहे, पण समजूतदार.
गिटार नुसती गुरगुरते. बहुधा सतारीची पूर्वतयारी.

७ एप्रिल
गुरगुर वाढली. शेजारचे बाबाराव विचारायला आले, चक्की टाकली काय? दुर्लक्ष केलं.

९ एप्रिल
युरेका! अर्थिंग नाही! आपल्याकडे शेतातली मोटार कशी चालते? एक वायर खांबावर, एक जमिनीत. मग गिटार काय आकाशातून पडली? अंगणात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, ठोकली, गिटारीच्या पोटातून वायर काढून तिला घट्ट बांधली, बुडाशी मीठ-पाणी. गुरगुर बंद! कुसुमला रोज सकाळ-संध्याकाळ सब्बलीला पाणी घालायला सांगितलं. तिनं विचारलं, हिले पानं कवा फुटतीन?
विज्ञान बायकांना लवकर पटत नाही.

१३ एप्रिल
रिहर्सल झाली नाही. लाइट नव्हती. काही बिघडत नाही, सगळं डोक्यात आहे. उद्या वांकिडी माझ्याकडे बघणार. बोलताना विनम्र राहायचं.

१५ एप्रिल
लिहावंसं वाटत नाही.
काल संध्याकाळी बौद्धवाड्यापुढे ट्रॉली उभी. वंदना झाली. मी खाली उतरून ट्रॉलीच्या चाकाजवळ सब्बल ठोकली, हातभर आत. मीठ-पाणी. वायर गाठ मारून पक्की. वर चढलो, जनरेटर चालू, तरी गुरगुर नाही. पहिला सूर लावला, लोक वळून बघायला लागले. आयुष्यातला सर्वोत्तम क्षण. पाच-सहा सेकंद टिकला.
कारण मिरवणूक म्हटलं की ट्रॅक्टर पुढे जातो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.
ट्रॅक्टरवाल्या चंपतनं गियर टाकला. सब्बल जागच्या जागी राहिली, गाठसुद्धा सुटली नाही. गिटारीच्या पोटातलं सगळं, तारांचा आवाज पकडणारे तिन्ही पिकअप आणि मोरीचा स्विच, वायरीबरोबर रस्त्यावर. मी ते उचलायला उडी मारली. ट्रॉली थांबली नाही, मागे लेझीमवाले होते.
तेवढ्यात पेटीचा सूर आला. नागनाथ केव्हा वर चढला माहीत नाही. पेटी ट्रॉलीतच होती, चादरीखाली. कुसुमनं दुपारीच आणून ठेवली होती. मी एका हातात गिटार, खांद्यावर सब्बल घेऊन शेवटपर्यंत मागे चाललो. लोकांना वाटलं, मांडववाला.
घरी आल्यावर तिला विचारलं, माझ्यावर भरोसा नव्हता काय?
ती म्हणाली, "बारा वर्सं झाले तुमच्या घरात. एवढं बी नाई समजन काय मले?"
फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, गाणी फार सुंदर झाली.