बांधातला काळा दगड आणि माझी बाकीची मिळकत

मी संघर्ष आप्पासो कुरणे, वय सव्वीस, फौंड्रीत नोकरी, राहणार राजेंद्रनगर, कोल्हापूर, मूळ गाव गगनबावडा तालुक्यात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला ताप नाही, कोणी काही पाजलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. भीती वाटते आहे. पण भीती वाटणे म्हणजे डोके ठिकाणावर नसणे नव्हे, हे मी वकिलांच्या कारकुनाला विचारून घेतले आहे.

येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक जण आठवड्यात चालायला लागतात." त्यातल्या 'बहुतेक' या शब्दासाठी हा कागद करत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. शाळा अकरावीत सुटली, त्यामुळे कायद्याची भाषा कुठे चुकली असेल तर वाचणाऱ्याने अर्थ बघावा. शब्द मी तपासून लिहिले आहेत.

कलम १. गावाकडचे घर दोन खोल्यांचे असून त्यामागे थोडी जागा व दगडी बांध आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, म्हणून घर आई, बहीण शिवानी व मी अशा तिघांचे आहे. त्यातला फक्त माझा हिस्सा मी आई यल्लव्वा हिला देतो. तिच्या पश्चात तो शिवानीकडे जावा. लग्न झाले म्हणून शिवानीचा हक्क संपला असे भावकीत जो म्हणेल त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. तो कोण असेल ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण त्याने मला सायकल शिकवली आहे.

कलम २. बँकेतील शिल्लक व फंडाची रक्कम आईची. दिवसकार्य म्हणून जेवणावळ घालू नये. भन्तेजी येतील, वंदना होईल, चहा द्यावा. चहा चांगला द्यावा.

कलम ३. माझा हँडग्राइंडर, पाने, हातोड्या व चष्मा ज्ञानदेव खोत, म्हणजे आमचा ज्ञानू, याला द्यावा. फौंड्रीत ओतकामाच्या कडा घासून साफ करण्याच्या कामावर तो माझ्या शेजारी उभा असतो. त्याने पूर्वी नेलेला माझा मोठा पाना त्याच्याच घरी आहे. तोही याच मृत्युपत्राने दिला असे समजावे, म्हणजे 'परत करतो, परत करतो' हे म्हणणे तरी थांबेल.

कलम ४. आता दगड.

गेल्या वर्षी घरामागचा बांध ढासळला. तो रचताना एक काळा दगड सापडला. आकाराने नारळाएवढा, पण उचलायला गेलो तर हात खाली ओढला गेला. अंग गुळगुळीत, वर पातळ काळी साल, आणि मळलेल्या पिठात अंगठे दाबावेत तसे खळगे. आई दारातूनच म्हणाली, "त्योच हाय. वरनं पडल्याला." त्याआधीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिने डोंगरावरून मोठा उजेड जाताना पाहिला होता. वस्तीत आणखी दोघांनी पाहिला होता.

उल्कापाषाण ओळखायचा कसा हे मी मोबाईलवर वाचले आणि एकेक करून पाहिले. तेवढ्याच आकाराच्या बांधातल्या दगडापेक्षा हा बराच जड भरला. लोहचुंबक दोरीला बांधून जवळ नेला तर तो दगडाकडे वळला. फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगड घासला तर रेघ उठली नाही. लोखंडाचा साधा खनिज दगड असता तर तांबडी किंवा काळी रेघ उठली असती. शेवटी एक कोपरा कानशीने घासला आणि आत चकाकणारे ठिपके दिसले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

ज्ञानूला दाखवला. तो म्हणाला, "भावा, ह्यो स्लॅग असणार. लोखंड वितळताना निघत्याली मळी, भट्टीतनं टाकल्याली."

मी म्हणालो, "आपल्या भट्टीचा स्लॅग रोज बघतोय की मी. काचेगत असतोय, हलका. ह्यो बघ किती जड हाय."

"मग लेका, उल्का असंल. माझं काय जातंय? पण पेपरात फोटू आला तर मी बाजूला उभा पायजे."

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या अनुजा मॅडम यांना फोटो पाठवले. त्यांनी लिहिले की लोक आणतात त्यांतले जवळजवळ सगळे दगड उल्कापाषाण नसतात, वाईट वाटून घेऊ नये. साल आणि खळगे फसवतात, चुंबकही फसवतो. खात्री हवी तर दगड कापून आतले तोंड बघावे लागेल. बाहेरून मी काहीच सांगणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांचा मला राग आला होता. तो मी येथे मागे घेतो.

कलम ५. दगडाची बातमी गावात गेल्यावर हंबीरराव घरी आले. ते आमच्या गावचे जुने कारभारी. शेंदराची पुडी घेऊनच आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "पोरा, दगुड आकाशातनं आलाय. तुमच्यात ठेवून काय उपेग? वर गावात पाराजवळ बसवू. देऊळ बांधू. तुज्या बापाचं नाव घालू पाटीवर."

आई म्हणाली, "आणि आमी पाया पडायला आत यायचं का भाईरनं?"

हंबीरराव म्हणाले, "आता तसं काय राह्यलंय का, वैनी?" पण आई ज्यावर टेकली होती त्या चौकटीला त्यांचा हात लागला तेव्हा त्यांनी तो धोतराला पुसला. त्यांना ते कळलेही नसेल. आईने पाहिले, मीही पाहिले.

म्हणून लिहून ठेवतो. हा दगड उल्का निघो वा न निघो, तो पाराजवळ बसवण्यासाठी कोणालाही देऊ नये, विकतही नाही. आमच्या हातांनी मातीतून काढलेला दगड देव झाल्यावर आम्ही लांब उभे राहायचे, हे आता होणार नाही. पुडी परत केली आहे. बाकी हंबीररावांशी माझे वैर नाही. वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी जीप त्यांनीच दिली होती, हेही लिहिणे भाग आहे.

कलम ६. हे कलम आईसाठी आहे. शिवानीने ते तिला सावकाश वाचून दाखवावे.

माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा नदीत सोडला. आमच्या घरात दगडाची पूजा नाही. पण माझ्या झडपेचे निदान झाल्यावर आई दगड घेऊन कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आली, आणि एके सकाळी फळीवरच्या या दगडावर मला हळदकुंकू दिसले. मी बोललो. जास्त बोललो. आई म्हणाली, "बुद्ध कदी रागवत न्हाईत बाळा, म्हणून त्यांचं भ्या न्हाई. हे रागावलं तर?"

मी कापायचे नाव काढले तर तिने दगड पदराखाली घेतला. "तुजी छाती फाडणार हाईत, त्याच्या आदी तू ह्येची फाडतोस व्हय रं? उटून आलास की काप."

तेव्हापासून मी यावर विचार करत आहे. दगड न कापता शस्त्रक्रियेला गेलो आणि जगून आलो, तर ती म्हणेल दगडाने वाचवले. मग जन्मभर फळीवर कुंकू राहील, उद्या शिवानीच्या मुलांना ताप आला तरी त्यालाच विचारले जाईल, आणि हंबीररावांची पुडी परत येईल. न कापता गेलो आणि मेलो, तर ती म्हणेल नुसते 'कापतो' म्हटले म्हणून गेला. कापून मेलो तर विचारायलाच नको. कसेही केले तरी आईला दगडापासून सोडवता येत नाही, असे बरेच दिवस वाटत होते. आता वाटत नाही. दगडाच्या पोटात काय आहे ते तिने स्वतः पाहिले, तरच ती सुटेल. म्हणून दगड शस्त्रक्रियेच्या आधी, तिच्यासमोर कापायचा, असे मी ठरवले आहे. ती रडली तरी.

आई, मी गेलो तर त्याला कारण माझी झडप. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने ती खराब झाली. त्या वेळी हा दगड बांधात होता आणि त्याला कोणी ओळखतही नव्हते. तू तेव्हा मला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलेस. दोष तुझाही नाही. घर, फंड यापेक्षा हे वाक्य मी तुला जास्त काळजीने देत आहे.

कलम ७. वरची सहा कलमे काल लिहिली. आज सकाळी ज्ञानू फरशी कापायचे मशीन घेऊन आला. शेजारच्या तानाबाई लोंढे, अंगणवाडीतून निवृत्त, साक्षीला आल्या. आई आत होती.

ज्ञानू म्हणाला, "पाण्याची धार कोण धरणार? पातं तापलं तर फुटंल."

तानाबाईंनी तांब्या घेतला. तेवढ्यात आई बाहेर आली आणि तिने त्यांच्या हातातून तो काढून घेतला. "आण हिकडं. माज्या पोराचा दगुड हाय."

पाते लागले तसे कुंकू पाण्याबरोबर वाहून गेले. मशीनचा आवाज मोठा होता, तिने तोंड फिरवले नाही. दगडाचे दोन भाग झाले. कापलेल्या तोंडावर बारीक पोकळ्या होत्या, पावात असतात तशा, आणि मध्ये लोखंडाचे गोठलेले थेंब. मला तिथेच कळले. उल्कापाषाणात अशा पोकळ्या नसतात. फोटो पाठवला. मॅडमनी फोन करून सांगितले की हा जुन्या काळच्या लोखंडाच्या भट्टीचा स्लॅग दिसतो. डोंगरात पूर्वी लोक दगड वितळवून लोखंड काढत, त्यांचा स्लॅग असाच जड असे. मी आमच्या भट्टीचा स्लॅग रोज पाहतो, त्यामुळे स्लॅग म्हणजे तेवढाच, असे धरून बसलो होतो.

ज्ञानू म्हणाला, "भावा, आपल्याच धंद्यातलं निघालं की! पणज्याच्या फौंड्रीतलं!"

आई बराच वेळ दोन्ही भाग बघत होती. मग तिने विचारले, "मग त्यो उजेड?"

मी म्हणालो, "तो खरा होता, आई. उल्काच असणार. वरच जळून गेली असेल, नाहीतर कुठं लांब पडली असेल. तू बघितलंस ते खरं. हा दगड त्यातला नव्हे."

"म्हंजे मी खोटं बोलली न्हाई."

"न्हाई."

"मग झालं," ती म्हणाली आणि फळी पुसायला आत गेली.

दगडाची व्यवस्था अशी. एक भाग अनुजा मॅडमना द्यावा. दुसरा गावच्या शाळेत द्यावा, आणि सोबत चिठ्ठी लावावी : हा उल्कापाषाण नाही. जड आहे, चुंबकाकडे ओढतो, तरी नाही. आतल्या पोकळ्या पाहा. हंबीरराव शाळेच्या समितीवर आहेत, त्यांनीही पाहावा. मी जगलो तर हे काम मीच करीन.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली व माझ्या देखत त्यांनी केल्या. त्यांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ज्ञानूला हत्यारे दिली असल्याने त्याला साक्षीदार करता येईना, म्हणून त्याच्या ऐवजी त्याची बायको मोना उभी राहत होती. तेही चालत नाही असे कळले. शेवटी तानाबाईंनी आपल्या भावाला बोलावले.

सही : संघर्ष आप्पासो कुरणे

साक्षीदार :
१. तानाबाई लोंढे, राजेंद्रनगर
२. राजवर्धन घस्ते, उचगाव

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १८ जानेवारी २०२५

आई साक्षीदार नाही, कारण तिला मिळकत मिळते. तरी आपल्यालाही लिहायचे आहे असे ती म्हणाली. पुढचा मजकूर तिचा आहे. मी त्यात काही सुधारलेले नाही.

दगुड कापताना पानी मी घातलं. आत काय नव्हतं. पोराची झडप खराब हाय ती डाक्टर मंगळवारी बदलनार. दगडाचा काय समंद न्हाई.
यल्लव्वा आप्पासो कुरने